आपण नेमके कोणाचे म्हणून बसलो होतो? पंचरंगी सामन्यांच्या गर्दीची गोष्ट

  

आजचा भाग देवगडातूनच रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मागे वाऱ्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या. ज्यांना कानात इयरफोन घालायला जमत नाही, बॉस शेजारीच बसलाय वगैरे, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

विषय क्रिकेटचा आहे. पण खेळाडूंचा कमी आणि बघणाऱ्यांचा जास्त.

आपल्याकडे भात कापून मळा मोकळा झाला की काय होतं, तुम्हाला माहीत आहे. रोलर फिरतो, चुन्याच्या रेषा पडतात, मंडप उभा राहतो, आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू. मुंबईचा चाकरमानी त्या दोन दिवसांसाठी रात्रभर बसमध्ये बसून येतो. आपल्या वाडीची टीम पहिल्याच राऊंडला बाहेर जाणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तरी येतो. आता या स्पर्धांच्या बॅनरवर खाली एक बारीक ओळ असते, ती कधी नीट वाचलीत? कुठे लिहिलेलं असतं ‘गाव मर्यादित’, कुठे ‘तालुका मर्यादित’. आणि कुठे ‘समाज मर्यादित’. म्हणजे एकाच जातीच्या मुलांनी खेळायचं.

या तिसऱ्या ओळीवरून मला आजचा भाग सुचला. कारण ही ओळ नवीन नाही. एके काळी भारतातली सगळ्यात जास्त गर्दी खेचणारी क्रिकेट स्पर्धा याच ओळीवर उभी होती, आणि ती मुंबईत होती.

सुरुवात पारशांपासून. १८७७ मध्ये पारशी संघ बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्या साहेबांशी खेळला. १८९० मध्ये इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघाला पारशांनी हरवलं, आणि १८९२ पासून पारशी विरुद्ध युरोपियन हा सामना दरवर्षीचा झाला. १९०७ मध्ये हिंदू आले, झाले तिरंगी सामने. १९१२ मध्ये मुसलमान आले, झाले चौरंगी. १९३७ मध्ये ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आला, त्यात मुख्यतः ख्रिश्चन खेळाडू. झाले पंचरंगी. संघाचं नाव म्हणजे थेट धर्माचं नाव. मधे शहर नाही, क्लब नाही, काही नाही.

आणि गर्दी? वीस-वीस हजार माणसं. त्या काळच्या मुंबईत! बॉम्बे जिमखान्याच्या मैदानाभोवती प्रत्येक समाजाचे वेगळे तंबू, आणि ज्यांना तंबूत जागा नाही ते झाडांवर. पॅव्हेलियनमध्ये मात्र फक्त गोरे.

या गर्दीची निष्ठा किती खरी होती ते बघायचं असेल तर पाळवणकर बंधूंची गोष्ट ऐकायला हवी. पाळवणकर या आडनावातच कोकणातलं गाव आहे. बाळू पाळवणकर डावखुरा फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजातला. पुण्यात मैदानात त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्या संघात तो होता. १९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला, तिथे त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही.

१९२० मध्ये तर बाळूला संघातूनच वगळलं, आणि त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायलाच नकार दिला. मग तडजोड झाली. बाळूला उपकर्णधार केलं, आणि कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढ्यापुरतं नेतृत्व बाळूकडे. आता ऐकायला गंमत वाटते, पण जरा विचार करा, केवढी कसरत! शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला, हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. विठ्ठल पाळवणकरांनी पुढे मराठीत आत्मचरित्र लिहिलं, ‘माझे क्रीडा-जीवन’. मिळालं तर वाचा.

मला या प्रसंगात नेहमी दोन्ही गोष्टी दिसतात. धर्माच्या नावाने जमलेल्या गर्दीने एका दलित माणसाला खांद्यावर घेतलं, हे खरं. आणि त्याच्या भावाला तो मान द्यायला त्याच संघाने आयुष्यभर टाळाटाळ केली, हेही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

असो. ‘पूर्वीचं क्रिकेट किती शुद्ध होतं’ म्हणणाऱ्या काकांना आता तिकिटांची गोष्ट सांगा. १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम तयार झालं, सामने तिथे हलले. आणि त्याच पहिल्या वर्षी हिंदू संघ खेळलाच नाही. कारण काय? खुर्च्या! हिंदू जिमखान्याचं म्हणणं होतं की आमचे सभासद जास्त, तर आम्हाला सीटाही जास्त पाहिजेत. स्टेडियमवाले ऐकेनात. झाला बहिष्कार. पंचरंगी नाव मिळालं त्याच वर्षी प्रत्यक्षात चारच रंग.

रेडिओ विसरून चालणार नाही, शेवटी आपण त्याच खानदानातले. १९३४ मध्ये बॉबी तल्यारखान यांनी चौरंगी सामन्याचं रेडिओवर समालोचन केलं. हा माणूस दिवसभर एकटा बोलायचा, माईक कोणाला द्यायचा नाही. (इथे आम्हाला चाळीस मिनिटांत तीनदा पाणी लागतं.) म्हणजे मैदानाबाहेरचा प्रेक्षकही आता या भांडणात आला.

आता खरा पेच. १९३० ते १९३३ या काळात सविनय कायदेभंगामुळे सामने बंद होते. परत सुरू झाले तेव्हा देशातली हवा बदलली होती. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली. गांधीजींचं म्हणणं साधं होतं: कॉलेजं एकमेकांशी खेळली, संस्था खेळल्या तर समजू शकतो, पण धर्मावरून संघ कशासाठी? सामने थांबावेत असं वाटणाऱ्यांच्या बाजूने आपण आहोत, असं त्यांनी सांगितलं. जिमखान्यात मतदान झालं. माघार घ्यावी, २८०. घेऊ नये, २४३. फक्त ३७ मतांचा फरक, आणि तोही खुद्द गांधीजींनी सांगितल्यावर!

त्या वर्षी हिंदू खेळले नाहीत. १९४१ ला परत आले, आणि जिंकलेही. प्रेक्षकही आले. यातले कितीतरी प्रेक्षक गांधींना मानणारे असणार. सकाळी सभेला जाणारा माणूस दुपारी ब्रेबॉर्नवर. त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे. मला नाही म्हणावंसं वाटत. कारण त्याला दुसरी टीम कुठे होती? १९३४ पासून रणजी स्पर्धा सुरू झाली होती, प्रांतांची. पण ‘मुंबई’ हा संघ आपला आहे ही भावना एका वर्षात तयार होत नाही. पंचरंगीमागे दोन पिढ्या होत्या. बापाने तंबूत नेलं, म्हणून मुलगा आला.

मेलबर्नमध्ये त्यांचं स्वतःचं फुटबॉल आहे, अंडाकृती चेंडूचं. १८९७ मध्ये त्यांची मोठी लीग सुरू झाली, आणि क्लब उपनगरांचे: कॉलिंगवूड, कार्लटन, साउथ मेलबर्न. तिथेही टीम वारशानेच मिळते. १९८२ मध्ये साउथ मेलबर्नचा क्लब उचलून सिडनीला नेला, तेव्हा जुन्या चाहत्यांची अवस्था घर विकलं गेल्यासारखी झाली. पण एक फरक आहे. कॉलिंगवूडमध्ये राहायला गेलात की तुम्ही कॉलिंगवूडचे होऊ शकता. हिंदू संघाचा किंवा मुसलमान संघाचा चाहता व्हायला राहायला कुठे जाणार?

शेवटची वर्षं मात्र क्रिकेट म्हणून जबरदस्त. १९४३ च्या अंतिम सामन्यात विजय हजारे ‘इतर’कडून खेळले. हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याच्या! समोर भाऊ विवेक उभा, त्याच्या २१, आणि दोघांची भागीदारी ३०० ची. तरी सामना हिंदूंनी जिंकला. पुढच्या मोसमात मुसलमानांनी हिंदूंना एक गडी राखून हरवलं, के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद. १९४६ मध्ये स्पर्धा बंद झाली. दीड वर्षात फाळणी.

गर्दीचं काय झालं? ती कसोटी सामन्यांकडे गेली. १९४८ मध्ये पावसाळ्यातली कांगा लीग सुरू झाली. गिरणगावातला आपला माणूस तर आधीपासूनच कबड्डीच्या मैदानाभोवती उभा होता. तिथे त्याच्या गल्लीचं मंडळ होतं.

मधल्या एका स्पर्धेच्या वेळी मी इथल्या एका आयोजकाला विचारलं, समाज मर्यादित कशाला? तो म्हणाला, ‘अरे, तसा ठेवलंव नाय तर बाहेरचे प्लेयर आणून पैशेवाले जिंकतत. आमच्या पोरांका खेळूक कधी गावतला?’ त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, नाकारत नाही. पण ती अडचण ‘गाव मर्यादित’ लिहूनही सुटते. त्याला मी तसं म्हटलं. तो म्हणाला, ‘मग वर्गणी कोण देतलो?’

पुढच्या वेळी मुंबईला गेलात की चर्नी रोडवरून चर्चगेटकडे जाताना लोकलच्या उजव्या खिडकीतून बघा. समुद्राच्या बाजूला मैदानं दिसतील, एकाला लागून एक. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. पाट्या अजून त्याच आहेत.