निरंक

सरकारी दप्तरात एक शब्द फार प्रिय आहे. तो शब्द म्हणजे 'निरंक'. तालुक्याहून महिन्याचा तक्ता येतो, गुन्ह्यांच्या रकान्यापुढे 'निरंक' असे लिहिलेले असते, आणि वरिष्ठ अधिकारी समाधानाने खाली सही करतो. माझ्या नोकरीची अनेक वर्षे असे तक्ते लिहिण्यात व तपासण्यात गेली आहेत. परंतु या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे मला कोणा वरिष्ठाने शिकविले नाही. ते इतिहासाच्या वाचनातून कळले. काही घडले नाही, हा एक अर्थ. आणि काही कळले नाही, हा दुसरा. या दोन अर्थांमधील अंतर ज्याने चालून पाहिले, आणि त्याची किंमतही मोजली, अशा एका अधिकाऱ्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

विल्यम स्लीमन हा १७८८ साली इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात जन्मला आणि १८०९ साली कंपनीच्या बंगाल सैन्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आला. नेपाळच्या युद्धात लढून तो १८२० मध्ये मुलकी कामावर सागर-नर्मदा प्रदेशात गेला. हा मुलूख आपल्याला परका नाही. सागर पेशव्यांकडे होते आणि जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे. १८१८ साली मराठी सत्ता लयास गेली तेव्हा हा सारा टापू इंग्रजांच्या हाती आला. तेथे स्थायिक झालेली मराठी घराणी आजही आहेत, आणि त्यांतील काही मंडळी हे भाषण ऐकतही असतील.

१८२२ च्या सुमारास स्लीमनकडे नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार आला. तो मेहनती होता. आपल्या जिल्ह्यातील एकही चोरी, एकही दरोडा आपल्या नजरेतून सुटत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. पुढे काही वर्षांनी त्याला जे समजले, ते त्याने स्वतःच्याच लेखणीने नमूद करून ठेवले आहे. त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्याही आत असलेल्या कंदेली नावाच्या खेड्यात ठगांची एक टोळी नांदत होती. नरसिंहपुराहून सागर-भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अवघ्या एका मुक्कामाच्या अंतरावर, गर्द राया होत्या. तेथे उत्तर हिंदुस्थानातून आणि दख्खनमधून टोळ्या दरवर्षी येऊन उतरत, वाटसरूंना गळफास देत, आणि प्रेते तेथेच पुरून पुढे जात. त्या दिवसांत जिल्ह्याचा तक्ता मात्र स्वच्छ होता.

तक्ता स्वच्छ राहण्याची कारणे साधी होती. फिर्याद द्यावयाची तर फिर्यादी जिवंत हवा. ठग स्थानिक माणसाच्या वाटेस सहसा जात नसत. दूरदेशीचा वाटसरू, घरी निघालेला रजेवरचा शिपाई, सावकाराची रोकड नेणारा जासूद हे त्यांचे सावज असे. गोड बोलून सोबत जोडावयाची, चार मुक्काम एकत्र काढावयाचे, आणि मग सोईच्या जागी रुमालाने काम संपवावयाचे. त्या माणसाच्या घरी सहा-सहा महिने कोणास चिंता वाटत नसे, कारण प्रवासच तेवढा लांबचा. चिंता वाटू लागली तरी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या संस्थानात विचारावयाचे? ही गोष्ट सरकारला अगदीच ठाऊक नव्हती असेही नाही. १८१० मध्येच सैन्यातील शिपायांना रजेवर जाताना रोकड जवळ बाळगू नका, हुंडी घ्या, वाटेत अनोळखी माणसांची सोबत करू नका, अशी ताकीद देण्यात आली होती. परंतु ताकीद देणे वेगळे आणि शोधास निघणे वेगळे. हाती आलेल्या फिर्यादीचा तपास करणारा अधिकारी फिर्याद येईपर्यंत निर्दोष असतो. फिर्याद नसताना जो शोधावयास निघतो त्याला असा आधार नाही. तो स्वतःहून जबाबदारी ओढवून घेतो.

स्लीमनने ती ओढवून घेतली. १८३० पासून त्याचे हे काम जोमाने सुरू झाले, आणि १८३५ मध्ये ठगीच्या निर्मूलनासाठी तो मुख्य अधीक्षक झाला. त्याची पद्धत आजच्या गुन्हे-अन्वेषणाच्या विद्यार्थ्यालाही अभ्यासण्याजोगी आहे. पकडलेल्या ठगांपैकी काहींना जीवदान देऊन माफीचे साक्षीदार करावयाचे. त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवून त्यांच्या जबान्या घ्यावयाच्या आणि त्या ताडून पाहावयाच्या. कोण कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, याच्या वंशावळी तयार करावयाच्या. प्रेते पुरल्याच्या जागा नकाशावर मांडावयाच्या. आणि मग साक्षीदारांना बरोबर देऊन शिपायांच्या तुकड्या दूरदूरच्या संस्थानांत धाडावयाच्या. ठगांच्या 'रामासी' या सांकेतिक बोलीचा कोशही त्याने १८३६ मध्ये प्रसिद्ध केला.

आता या कामाची किंमत पाहू. फिरंगिया हा ठगांचा एक नामांकित जमादार. तो हाती लागेना, तेव्हा त्याची आई, बायको आणि मूल यांना अटकेत ठेवण्यात आले. आपल्या माणसांपासून तो फार दूर जाणार नाही, हा हिशेब होता, आणि तो खरा ठरला. १८३० च्या अखेरीस फिरंगिया सापडला आणि माफीचा साक्षीदार झाला. हिशेब बरोबर होता म्हणून कृत्यही बरोबर होते काय, हा प्रश्न मात्र मागे उरतो. ज्याच्या बायको-मुलाचा काही अपराध नाही, त्यांना आमिष म्हणून बांधून ठेवावयाचे, हे करणाऱ्या माणसाचे स्वतःचे लग्न नुकतेच, १८२९ साली झालेले होते, हेही ध्यानात घ्यावे.

पुढे सागरच्या वाटेवरील एका राईत स्लीमनचा तळ पडला असताना फिरंगियाने त्या जागेतील थडगी दाखवून देण्याची तयारी दर्शविली. सकाळी खणावयास प्रारंभ झाला. पूर्वी तेथे मारलेले पंडित व त्यांची माणसे, एक हवालदार व त्याचे शिपाई, गंगाजळ घेऊन निघालेले ब्राह्मण, असे सांगाडे तंबूंच्या दोऱ्यांमधूनच वर येऊ लागले. गंगाजळवाल्यांच्या थडग्यावरच्या तंबूत स्लीमनची पत्नी अ‍ॅमेली अजून निजलेली होती. त्या रात्री जशी भयंकर स्वप्ने पडली तशी जन्मात कधी पडली नाहीत, असे ती पुढे सांगत असे. शेजारच्या राईतही आणखी थडगी आहेत, तीही उकरून दाखवितो, असे फिरंगिया म्हणाला. पण त्या भयानक कामाचा आपल्याला वीट आला होता, असे स्लीमनने लिहून ठेवले आहे. पुराव्यासाठी आणखी प्रेते मिळत असताना 'पुरे' असे म्हणणारा हा अधिकारी आपल्याला त्या क्षणी माणूस म्हणून दिसतो. आयुष्यभर मात्र त्याला 'पुरे' म्हणता आले नाही.

प्रकृती खालावली म्हणून १८३५-३६ मध्ये तो नर्मदातीराहून हिमालयाकडे हवापालटासाठी निघाला. त्या प्रवासात लिहिलेले त्याचे पुस्तक आपल्या बहिणीस अर्पण केलेले आहे. हिंदुस्थानातील इंग्रजांना सर्वांत मोठा आनंद कशाचा असे विचारले तर दहांपैकी नऊ जण घरी राहिलेल्या बहिणींच्या पत्रांचा असे सांगतील, या अर्थाचे त्याने तेथे लिहिले आहे. वर्षानुवर्षे गळफासांच्या जबान्या ऐकणाऱ्या माणसाची ही तहान आपल्याला समजू शकते. पुढे तो लखनौचा रेसिडेंट झाला. १८५४ मध्ये त्याची प्रकृती पूर्णपणे ढासळली, आणि १० फेब्रुवारी १८५६ रोजी मायदेशी परतताना समुद्रातच त्याचे देहावसान झाले. ज्या अवधच्या विलीनीकरणास त्याचा विरोध होता, ते राज्य त्याच महिन्यात खालसा झाले.

कामाचे फलित मोठे होते. १८३१ ते १८३७ या काळात ३२६६ ठगांचा निकाल लागला. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली, ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले, आणि उरलेल्यांना जन्मठेप वा काळे पाणी. रस्ते निर्धोक झाले यात शंका नाही. परंतु हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचावे लागतात. १८३६ च्या तिसाव्या कायद्यान्वये विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कोणी कधीही ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. ते सिद्ध होई बहुधा अशा साक्षीदाराच्या शब्दावर, ज्याचा स्वतःचा जीव त्या शब्दांवर अवलंबून होता. ठगी हा पिढीजात धर्मपंथच होता, या तेव्हाच्या समजुतीविषयी आजचे इतिहासकार शंका घेतात. सैन्ये मोडली, पोटाची साधने गेली, हेही कारण ते दाखवितात. आणि ते माफीचे साक्षीदार? त्यांना फाशीतून सुटका मिळाली, मोकळीक मिळाली नाही. जबलपुरात १८३७ साली निघालेल्या उद्योगशाळेत तंबू आणि गालिचे विणीत त्यांचे दिवस सरले, आणि त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर पहाऱ्यातच वाढली.

वंशावळींचा कागद पहिल्याने टोळी पकडण्यासाठी तयार झाला. पण कागदाला एकदा सवय लागली की ती सुटत नाही. १८७१ साली 'गुन्हेगार जमाती'चा कायदा उत्तर हिंदुस्थानात झाला, आणि १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा देशभर विस्तारली. आता टोळीच्या ऐवजी संबंध जमातच संशयित ठरली. गाव सोडावयाचे तर दाखला, रोज हजेरी, आणि जन्मलेल्या मुलाच्या नावावर जन्मापूर्वीचा गुन्हा. आपल्या सोलापूरची सेटलमेंट याच व्यवस्थेतून उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. त्या जमातींना आपण आज विमुक्त म्हणतो. परंतु कायदा गेला तरी नजर लगेच जात नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा पांढरपेशा मराठी वाचकाला कळले की या नजरेखाली बालपण काढणे म्हणजे काय.

माझे एक स्नेही पोलीस खात्यात वरिष्ठ पदावर होते. त्यांच्या घरच्या लग्नात त्यांचा मुलगा मला हसत म्हणाला, "काका, आमचे बाबा पाहुण्यांकडेसुद्धा पंचनामा केल्यासारखे बघतात." सारे हसले, तेही हसले. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "मुलगा खोटे बोलत नाही. तीस वर्षे जे बघायला शिकलो, ते निवृत्तीच्या हुकमाबरोबर जमा करून घेत नाहीत." स्लीमनविषयी वाचताना मला हे वाक्य वारंवार आठवते.

फिर्यादीची वाट न पाहता निघणारा अधिकारी समाजाला हवाच. अन्यथा कंदेली चारशे यार्डांवर असूनही दिसत नाही. परंतु त्याला एकट्याने निघू देणे हे त्याच्यावर आणि इतरांवरही अन्याय करणारे आहे. त्याच्या जबान्या तपासणारे निर्भीड न्यायालय हवे. त्याला वेळीच 'पुरे' म्हणणारा वरिष्ठ हवा. आणि संशयाचा कागद बापाकडून मुलाकडे जाणार नाही, असा कायदा हवा. पहिल्या गोष्टीवाचून निरपराध भरडला जातो, दुसरीवाचून अधिकारी स्वतः झिजतो, आणि तिसरीवाचून पिढ्या.

जबलपूरहून कटनीकडे जाताना सलीमनाबाद नावाचे एक छोटे स्टेशन लागते. ते स्लीमनच्याच नावाचे गाव. त्याच रस्त्यांवरून आज आपण शेजारच्या अनोळखी माणसाशी डबा वाटून खात, निर्धास्त प्रवास करतो. त्या निर्धास्तपणात स्लीमनचा वाटा आहे. त्याच डब्यात दारापाशी एखादे पारधी कुटुंब बसलेले असते, आणि आपला हात नकळत आपल्या पेटीकडे जातो. त्यातही त्याच इतिहासाचा वाटा आहे. माझ्यापुढे महिन्याचा तक्ता येतो तेव्हा 'निरंक' या शब्दापाशी मी आता जरा थांबतो, आणि सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारतो. येथे कोणाची फिर्याद आपल्यापर्यंत पोचली नाही? आणि शोधावयास निघालो, तर आपण कोणाच्या दाराशी, कशाच्या आधारावर उभे राहणार आहोत?