स्मट्सची जागा

१९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवरील अन्यायाचा प्रश्न युनोत नेला, तेव्हा जनरल स्मट्स यांचा मुख्य बचाव असा होता : हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. विजयालक्ष्मी पंडितांच्या शिष्टमंडळाने तो मानला नाही. ८ डिसेंबरला आमसभेने दोन-तृतीयांश मतांनी भारताच्या बाजूने ठराव केला. हे योग्यच झाले.

२००१ साली त्याच दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला, वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन तेथे गेले. आता स्मट्सच्या जागी भारत सरकार उभे! आमच्याकडे राज्यघटना आहे, कायदे आहेत, आमचे आम्ही पाहू. शिवाय जात म्हणजे वंश नव्हे. (पहिला प्रसंग अभिमानाने सांगणारे आपले विद्वान दुसऱ्यापाशी येताच घसा खाकरतात.)

या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणूनच तो फसवा आहे. जात वंशावर उभी नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले. पण ते मांडले जातिसमर्थकांचा रक्तशुद्धीचा दावा खोडण्यासाठी. जातीला जगाच्या नजरेआड ठेवण्यासाठी नव्हे. आणि वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, रंग यांच्या जोडीला ‘कूळ’ हाही आधार आहे. तो घालण्याची सूचना भारताचीच! त्यात अनुसूचित जातींचा प्रश्न येतो, असे त्या कराराच्या समितीने १९९६ मध्ये भारताला स्पष्ट सांगितले होते. तरी डर्बनला सरकारचेच चालले. सरकारांच्या अंतिम जाहीरनाम्यात ‘जात’ हा शब्द आला नाही.