येलहंका : विद्युतदाहिनीपासून कावेरीपर्यंत

बंगळूरूच्या उत्तरेकडील येलहंका परिसरातील मेडी अग्रहार स्मशानभूमी एप्रिल-मे २०२१मध्ये देशभर चर्चेत आली. कोविडच्या दुसऱ्या लाटेतील मृतांसाठी राखून ठेवलेल्या विद्युतदाहिन्यांमध्ये तिचा समावेश होता. तेथे रुग्णवाहिकांच्या रांगा लागल्या आणि नातेवाईकांना तासन्‌तास तिष्ठत राहावे लागले.

भारतात दहनाची प्रथा अतिप्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अंत्यविधीच्या वेळी अग्नीला उद्देशून म्हटले जाणारे सूक्त आहे. दफनाची परंपराही तितकीच जुनी असून कर्नाटक व महाराष्ट्रातील लिंगायत समाजात मृतांना आजही समाधी दिली जाते. ब्रिटनमध्ये आधुनिक दाहिनीतील पहिले अधिकृत दहन १८८५ साली वोकिंग येथे झाले.

पारंपरिक चितेसाठी काही क्विंटल लाकूड लागते. विद्युतदाहिनीमुळे ते वाचते. तथापि एका दहनास साधारणतः एक ते दोन तास लागत असल्याने तिची दैनंदिन क्षमता मर्यादित राहते. त्यामुळेच २०२१मध्ये शहराच्या पश्चिमेस तावरेकेरे येथे आणि गिड्डेनहळ्ळीच्या दगडखाणीत उघड्यावर चिता रचाव्या लागल्या. स्वतःच्या शेतात अंत्यसंस्कार करण्यासही राज्य शासनाने अनुमती दिली.

दहनानंतर अस्थिविसर्जनाचा विधी असतो. मात्र अनेक मृतांच्या अस्थी नेण्यास कोणीही आले नाही. अखेर २ जून २०२१ रोजी तत्कालीन महसूलमंत्री आर. अशोक यांनी मंड्या जिल्ह्यातील बेळकवाडी येथे या अस्थींचे कावेरी नदीत विधिपूर्वक विसर्जन केले.