चमचा हातात धरून गप्प बसलेली नर्स

मागच्या आठवड्यात लेक नातीला घेऊन चार दिवस राहायला आली होती. नात साडेतीन वर्षांची. दुपारी वरणभाताची वाटी घेऊन मी तिच्या मागे मागे फिरत होते. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, शेवटी माझा हात मोबाईलकडे गेला... तेवढ्यात लेक म्हणाली, "राहू दे गं आई. मलाही असंच भरवायचीस तू. नाक दाबून."

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. डोंबिवलीचं दोन खोल्यांचं घर, माझी सकाळची लोकल, आणि दुधीची भाजी गालात धरून बसलेली ही. एकदा खरंच नाक दाबलं होतं मी. तिनं सगळं ओकलं, आणि वर मीच धपाटा घातला. आज ती पस्तिशीची आहे. दुधी अजून खात नाही.

रात्री झोप येईना, म्हणून क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंचं पूर्वी वाचलेलं प्रकरण पुन्हा काढून बसले.

त्या काळी तिकडे बालआहार म्हणजे अगदी लष्करी शिस्त. एमेट होल्ट या डॉक्टरांचं बालसंगोपनाचं पुस्तक १८९४ साली आलं आणि पुढे घरोघरी पोचलं. कुठल्या वयाला काय, किती आणि कधी द्यायचं, सगळं ठरवून दिलेलं. आया मोजूनमापून भरवायच्या, मुलं तोंड घट्ट मिटायची, आणि 'आमचं मूल जेवत नाही' म्हणत आया पुन्हा डॉक्टरांकडे! (ओळखीचं वाटतंय ना?)

डेव्हिसबाईंनी १९२६ साली उलटंच करून पाहिलं. नुकतीच अंगावरून तुटलेली, सहा ते अकरा महिन्यांची बाळं घेतली. ज्यांच्या आयांना त्यांना सांभाळणं परवडत नव्हतं अशी. अशी एकूण १५ मुलं, कुणी सहा महिने तर कुणी साडेचार वर्षं त्यांच्या देखरेखीखाली राहिली. एकूण ३४ पदार्थांची यादी होती. एका वेळी त्यातले काही वेगवेगळ्या वाट्यांत समोर ठेवायचे आणि शेजारी नर्सनं चमचा हातात धरून बसायचं. नुसतं बसायचं! बाळानं वाटीकडे हात केला किंवा बोट दाखवलं तरच चमचा भरायचा, आणि तोंड उघडलं तरच आत घालायचा. 'हे खा' नाही, 'शहाणं बाळ' नाही, कपाळाला आठी नाही. मला तर वाटतं, या प्रयोगात सगळ्यात अवघड काम त्या नर्सचंच असणार.

मुलांनी काय काय खाल्लं! एकाचा सकाळचा नाश्ता म्हणजे मोठा ग्लासभर संत्र्याचा रस आणि कलेजी, तर कुणाचं रात्रीचं जेवण अंडी, केळी आणि दूध. सुरुवातीला तर पोरांनी चमचे आणि ताटल्यासुद्धा चावून पाहिल्या. मीठ वेगळ्या वाटीत असायचं. ते खाऊन ठसकायची, रडायची, पण थुंकायची नाहीत आणि पुन्हा तिकडेच हात! मुडदूस झालेल्या एका बाळाला कॉडलिव्हर तेलही ठेवलं होतं. ते त्यानं आपणहून घेतलं, आणि बरं झाल्यावर सोडून दिलं. कुठल्याच दोन मुलांचा आहार सारखा नव्हता, पण वाढ सगळ्यांची छान झाली.

यावरून 'मुलांना हवं ते खाऊ द्या, निसर्ग बघून घेईल' असं म्हणणारे पुष्कळ निघाले. माझी एक मावसबहीण नातवाच्या हातात क्रीमची बिस्किटं देताना हेच म्हणते. पण १९३९ साली कॅनडातल्या डॉक्टरांपुढे बोलताना डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितलं होतं, की खरी मेख त्या यादीत आहे. यादीत साखर नव्हती, पाव-लोणी नव्हतं, डबाबंद काहीच नव्हतं. मुलानं काहीही उचललं तरी बिघडणार नाही अशीच ती यादी होती. डबाबंद आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर असाच प्रयोग करायची त्यांची इच्छा होती, पण मंदीच्या काळात पैसा संपला आणि ते राहूनच गेलं.

म्हणजे यादी मोठ्यांची, भूक मुलाची. मी तिची भूकही माझ्याच ताब्यात ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातीपुढे पाट मांडला. वरण, भात, पोळीचे तुकडे, काकडी, गाजर, दही आणि लिंबाची फोड, सगळं थोडंथोडं. मोबाईल आतल्या खोलीत. मी शेजारी बसले. दोनदा हात वाटीकडे गेला, दोन्ही वेळा लेकीनं नुसतं बघितलं, मी हात मागे घेतला.

नातीनं काकडी संपवली, पोळीचे तीन तुकडे खाल्ले. मग लिंबाची फोड चोखली, तोंड वेडंवाकडं केलं, अंग शहारलं, आणि पुन्हा तीच फोड तोंडात. वरणभाताला तिनं हातही लावला नाही. तो मी खाल्ला.