वेल्ह्याची एसटी आणि साताऱ्याचं बोर्डिंग

तोरण्याच्या पायथ्याला वेल्हे. सरकारी कागदावर तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे. इथून पुणे साठेक किलोमीटर. पण डोंगरातल्या वाडीवरून एखादी मुलगी कॉलेजला निघते, तेव्हा तिचं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ते एसटीच्या वेळेत मोजावं लागतं. सकाळची गाडी चुकली की दिवस गेला. असे पाच-पन्नास दिवस गेले की हजेरी गेली, आणि हजेरी गेली की परीक्षाही जाते. मग घरचे म्हणतात, "तिला शिक्षणाची आवडच नव्हती." कॉलेजही तेच म्हणतं.

हा निकाल देण्याआधी थोडा इतिहास पाहू.

१९०१ साली जगाच्या दोन टोकांना दोन छोट्या गोष्टी घडल्या. अमेरिकेत जोलिएट या गावी एका हायस्कुलात कॉलेजचे वर्ग सुरू झाले, विद्यार्थी होते अवघे सहा. गावातली मुलं गावातच राहून पुढे शिकावीत, हा हेतू होता. तिकडे ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात त्याची सुरुवात इथून मानली जाते. त्याच वर्षी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडलं. शाळा आहे, पण खेड्यातल्या पोरानं रात्री झोपायचं कुठं आणि खायचं काय, हा प्रश्न त्यांना कळला होता. १९०६ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन कोल्हापुरात मुसलमानांसाठी शिक्षणसंस्था उभी केली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. आपण शाहू महाराजांचे गुणगान करतो, ते योग्यच आहे. पण हे काम भाषणांनी झालं नाही. जागा, पैसा आणि जेवण यांच्या व्यवस्थेनं झालं, हे विसरतो.

शाहूंच्या काळात बोर्डिंगं जातवार आणि धर्मवार होती. त्या काळाची ती गरज होती. पुढचं पाऊल टाकलं भाऊराव पाटलांनी. कुंभोजला जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेला हा माणूस स्वतः मॅट्रिकही झाला नाही. कोल्हापुरात शिकताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेला आणि त्यावरून जैन बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, त्यात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. मुलं स्वयंपाक करत, शेतात राबत, कमवत आणि शिकत. तिजोरी रिकामी झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. गावोगावच्या बायकांनी जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढलं. त्या मुष्टिफंडावर पोरं जेवली. १९४७ मध्ये याच संस्थेनं साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं.

यातली मुलं इतरांपेक्षा जन्मतः हुशार होती का? नाही. त्यांची फी, भाकरी आणि निवारा यांची जबाबदारी कुणीतरी घेतली होती. संस्था चालवणाऱ्यांनी "पोरगा का गेला?" असं विचारण्याऐवजी "आपण त्याला थांबवायला काय केलं?" असं विचारलं.

हीच गोष्ट शंभर वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये मोजून पाहिली गेली. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ मध्ये एक योजना सुरू झाली. गरीब विद्यार्थ्यांना फीची तूट भरून दिली, पुस्तकं दिली, प्रवासाचा पास दिला, आणि वारंवार भेटणारा एक मार्गदर्शक दिला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे विद्यार्थ्यांचे दोन गट करून तुलना केली. तीन वर्षांत पदवी पूर्ण करणारे नेहमीच्या गटात शंभरात २२ होते, योजनेतल्या गटात ४०. मुलं त्याच वस्त्यांमधली होती. बदलला होता तो कारभार.

आता वेल्ह्याकडे परत येऊ. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. बारावीनंतर तो थांबतो, आणि नेमकं तिथूनच कॉलेज लांब जातं. कॉलेजचं वेळापत्रक एसटीच्या वेळेशी जुळवायला पैसा लागत नाही. चार दिवस न आलेल्या मुलीच्या घरी फोन करायला अनुदान लागत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारा एक कारकून खिडकीत बसवणं हे संस्थाचालकांच्या हातातलं आहे. नवी इमारत आणि कमान बांधण्याआधी ही कामं व्हायला हवीत.

थोडं आपल्याबद्दलही. पश्चिम महाराष्ट्राच्या गावागावांत मुलाणी, आतार, तांबोळी, शिकलगार यांची दोन-चार घरं असतात. सच्चर समितीनं २००६ मध्ये सांगितलं की देशातली ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली. त्यावर आपण सभा खूप घेतल्या. पण रमजानमध्ये निघणाऱ्या जकातीतून तालुक्याच्या गावी दहा गरजू मुलींची राहण्या-जेवणाची सोय किती जमातींनी केली? जकात हक्कदारालाच पोहोचायला हवी हे खरंच, आणि शिक्षण सोडावं लागणारी गरीब पोर हक्कदार नाही तर कोण? उरलेल्या ऐपतदार घरांनी सदका द्यावा, आणि वसतिगृहाचं दार शेजारच्या मराठा, धनगर, बौद्ध मुलींनाही उघडं ठेवावं. साताऱ्याची पंगत तशीच होती.

भाऊरावांच्या मुष्टिफंडाला आणि आपल्या जकातीला एकच हिशेब लागू होतो. किती जमा झालं हे सगळे सांगतात. त्यातून किती पोरं शेवटच्या परीक्षेला बसली, हे सांगता आलं पाहिजे.