खडकवासल्याचे दरवाजे

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या खडकवासल्याच्या दगडी धरणावर शहर, लष्कर आणि कालव्याखालील शेती अशा तिघांचीही भिस्त होती. परंतु पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जाणारे विपुल पाणी उन्हाळ्यापर्यंत कसे राखावे, हा प्रश्न सरकारी दप्तरास दीर्घकाळ सतावीत राहिला. भिंत उंच करावी, तर जुन्या बांधकामावरील भार आणि खर्च वाढणार; सांडव्यावर मातीचा तात्पुरता बांध घालावा, तर पुराच्या लोंढ्याने तो वाहून जाणार. अशा दुहेरी पेचात विचार चक्रासारखा स्वतःभोवतीच फिरू लागतो.

पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी मात्र ‘भिंत किती उंच?’ हा प्रश्न बाजूस ठेवून ‘पाणी नेमके केव्हा अडवावे आणि केव्हा सोडावे?’ असा निराळा प्रश्न मांडला. त्यातूनच पाणी ठरावीक पातळीवर चढताच आपोआप उघडणाऱ्या आणि पूर ओसरताच पुन्हा मिटणाऱ्या दरवाजांची तजवीज निघाली, आणि १९०३ साली ते खडकवासल्यास बसले. धरणाची भिंत न वाढविता साठा वाढला; पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही हीच योजना स्वीकारली गेली.

चिंतनाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु तहानलेल्या शेताला पाणी मिळते ते चिंतन कृतीत उतरते तेव्हाच.