तमाशाची तपासणी

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत आम्ही तरुणपणी जमिनीवर बसून तमाशा पाहिला आहे. द्व्यर्थी सवालजवाबाला सर्वांत मोठ्याने हसे ती पुढल्या खुर्च्यांवरची प्रतिष्ठित मंडळी. तमाशाने समाज बिघडतो असे गावात परतल्यावर सांगणारीही तीच.

अशाच तक्रारींवरून स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण अश्लीलतेचे. फडात बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी समाजांचे. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणारी बाई, सर्वांची चूल एकाच सुपारीवर पेटे. ती विझली. ओरड झाल्यावर १९४८ साली दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमण्यात आली. बंदी उठली, पण वग आधी लिहून तपासणीस द्यावा, असा दंडक आला. आता वग कोण लिहून ठेवतो? सोंगाड्या समोरचे गिऱ्हाईक पाहून बोलतो. कित्येकांना अक्षरओळख नव्हती. हजरजबाबीपणाची प्रत काढून कचेरीत कशी न्यावी, याचे उत्तर पंडितांपाशी नव्हते.

सगळाच शृंगार निर्दोष, असे आमचे म्हणणे नाही. बाईला केवळ मांस समजणारे गाणे आम्हांला आजही खपत नाही. परंतु ज्यांनी शृंगारच टाकला त्यांचे काय झाले? अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या १९४४ च्या लाल बावटा कलापथकाकडे पहा. अण्णा भाऊंनी गणात गणपतीऐवजी मायभूमीला नमन केले, गौळण काढून टाकली, वगात गिरणीकामगार व सावकार आणले. तरीही त्यांच्या प्रयोगांवर बंदी आली. तेव्हा तमाशा हे नाव बाजूस ठेवून त्यांनी लोकनाट्य म्हणावयास प्रारंभ केला.

हे जुने झाले म्हणावे, तर आपल्याच शिंदखेड्याच्या गौतमी पाटील यांच्या नाचावर २०२२ साली अश्लीलतेचा गदारोळ झाला. त्यांनी जाहीर माफी मागितली. गर्दी मात्र वाढतच गेली.

हल्ली तरुण पोरे ढोलकीऐवजी यंत्राच्या ठेक्यावर तालात बोलतात, त्यास रॅप म्हणतात. हा प्रकार अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून आला. तेथेही १९९० साली फ्लोरिडातील न्यायालयाने ‘टू लाइव्ह क्रू’ या मंडळींची तबकडी अश्लील ठरवली. गाणारे ज्यूरीपुढे सुटले. तबकडी विकणारा दुकानदार चार्ल्स फ्रीमन मात्र दोषी ठरला. वरिष्ठ न्यायालयाने तो मूळ निर्णय १९९२ साली फिरवला.

आणि मुंबईत २०२३ साली उमेश खाडे या तरुणाने राजकारण्यांवर रॅप केला. ‘भोंगळी केली जनता’ हे त्याचे नाव. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे अश्लीलतेविषयीचे कलम ६७ होते. त्या रॅपमध्ये शृंगार औषधालाही नव्हता. जनतेला नागवले कोणी, एवढेच विचारले होते.